चुकीचं गाऱ्हाणं

त्या वर्षी देवाशी माझा अबोला होता. भांडावं, जाब विचारावा इतकीही ओढ उरली नव्हती. शेजारणीशी बिनसलं की ती जिन्यात समोरून आल्यावर आपण पिशवीत काहीतरी शोधायला लागतो, तशी मी देवघरावरून जाताना चष्मा पुसायला लागायचे. माझा दादा फाल्गुनात काविळीने गेला. चांगला धडधाकट, नुकता नोकरीत कायम झालेला, माझ्यापेक्षा थोडाच मोठा. पार्ल्याच्या आमच्या दोन खोल्यांत गणपतीचं मखर दर वर्षी तोच करायचा. तार तापवून थर्माकोल कापायचा, नक्षी काढायचा, आणि मी कापलेली कमान त्याला कधीच पसंत पडायची नाही. "तू नुसता डिंक लाव," म्हणायचा. तो गेल्यावर लोक सांत्वनाला येत, त्याच्या स्वभावाचं, हुशारीचं बोलत, आणि मला मात्र सारखं ते डिंक लावणंच आठवायचं. रडू येत नव्हतं. जेवण कमी झालं, कॉलेज सुटलं, मैत्रिणी यायच्या थांबल्या. घरात आईबाबा तर स्वतःच्याच दुःखाने वाकलेले होते, त्यांना मी काय सांगणार?

मग एका दुपारी मी स्वतःला संपवायला निघाले. त्याचं वर्णन करणार नाही, वर्णन करण्यासारखं त्यात काहीच नाही. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून आज हे लिहायला मी आहे. पुढे कित्येक वर्षं आई त्यांच्याकडे दह्याची वाटी पाठवत राहिली. शेवटी काकूच म्हणाल्या की अहो, एवढ्याशा विरजणाचं किती दही परत करणार.

घाटकोपरच्या बाजूला एका मोठ्या इस्पितळाच्या आवारात, मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती. तो मनाच्या आजारांचा वॉर्ड. मला तिथे ठेवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट; मुलगी अशा ठिकाणी आहे हे नातेवाइकांना सांगायची तेव्हा सोय नव्हती. बाबांनी टायफॉइड झाल्याचं सांगितलं. झालं, टायफॉइडवरचे सगळे उपाय सुरू झाले. कुर्ल्याची आत्या बाबांच्या हाती मुगाचं कढण पाठवायची. मुलुंडच्या काकांनी, टायफॉइडने केस जातात म्हणून, माक्याचं तेल पाठवलं. मनाच्या वॉर्डात केसांना थापून तेल लावलेली मी एकटीच पेशंट असेन.

वॉर्ड माझ्या मनात होता तसा अजिबात नव्हता. कोणी किंचाळत नव्हतं, कोणाला बांधलेलं नव्हतं. आम्ही घरचेच कपडे घालायचो. काड्यापेटी, काचेच्या बांगड्या, नाडीचे परकर यांना बंदी होती, तेवढं सोडलं तर एखाद्या सहलीला आलेल्या पण रुसून बसलेल्या मुलांसारखे आम्ही दिसत असू. कॅरम होता, त्यातली राणी हरवली होती, तिच्या जागी लाल बटण. माझ्या शेजारच्या खाटेवर शोभा होती, घाटकोपरच्याच एका चाळीतली. तिचं बाळ जन्मल्यावर लगेच गेलं होतं आणि त्यानंतर तिला जगण्यात रस उरला नव्हता. पुरुषांच्या बाजूला आग्नेल होता. अंधेरीजवळच्या जुन्या गावठाणातला, घरी मराठीच बोलणारा ख्रिस्ती मुलगा. आई गेली तेव्हापासून तिच्यामागे जायचं त्याच्या मनात होतं. आणि एवढं असूनही त्याच्याइतका विनोदी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दुःखी माणूस विनोदी असू शकतो हे मला त्या वॉर्डात कळलं.

आमच्या डॉक्टर म्हणजे मूळच्या पुण्याच्या एक बाई. सकाळी त्या आम्हाला गोल करून बसवायच्या आणि मनात काय आहे ते मोकळेपणाने बोला म्हणायच्या. कोणी बोलायचं नाही. सगळे पंख्याकडे बघत बसायचे, पंखा मात्र कुरकुरत असायचा. एकदा बऱ्याच वेळाने आग्नेल म्हणाला, "बाई, पंख्याचं झालं सांगून. आता दुसऱ्याला चान्स द्या ना." बाई स्वतःच हसल्या. पण त्या गोलात खरं कोणी बोललं नाही ते नाहीच.

मी तर त्यात तरबेज झाले होते. कसं आहे विचारलं की बरं आहे. झोप लागली? लागली. ताट स्वच्छ करायचे, वेणी घालायचे, बाबा आले की हसायचे. गोळ्यांनी थोडं बळ आलं होतं, आणि ते बळ मी बरी दिसण्यात खर्च करत होते. बाईंनाही वाटलं की पोरगी सावरली. सोमवारी घरी सोडायचं ठरलं. आईने माझ्यासाठी नवी चादर घातल्याचं बाबा सांगून गेले. आणि मला एकटीलाच ठाऊक होतं की घरी गेले, दादाची खाट पाहिली, की मी पुन्हा तेच करणार आहे. हे सांगण्यासाठी तोंड उघडायचे आणि त्यातून "बरं आहे" एवढंच बाहेर पडायचं.

त्याच आठवड्यात गणपती आले. आमच्याकडे दादाचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून घरचा गणपती काकांकडे मुलुंडला गेला होता. मला त्याचं सुखदुःख नव्हतं. वॉर्डात हातांना काम म्हणून शाडूची माती देत, त्यातून कोणी वाट्या करी, कोणी नुसते गोळे. आग्नेलने गणपती करायला घेतला. गावठाणात शेजारी गणपती बसायचे, ते त्याने लहानपणापासून पाहिले होते. पोट झकास जमलं, कान जमले, आणि सोंडेशी गाडी अडली. सोंड डावीकडे की उजवीकडे? शोभा म्हणाली की उजव्या सोंडेचं सोवळं फार कडक, आपल्याला झेपणार नाही, डावी कर. डावी केली, ती गळून पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. शेवटी त्याने ती सरळ खाली सोडली आणि पोटाला टेकवून दिली. "देवालाच ठरवू दे कुठे वळायचं," म्हणाला.

मी लांब बसून बघत होते. शोभाने मला हाक मारली आणि खडूचे डबे ठेवायच्या खोक्याचं मखर करून दे म्हणाली. मी नको म्हणणार होते. पण तिने माझ्या हातात डिंकाची बाटली दिली, आणि मला नाही म्हणता आलं नाही. मी पुठ्ठ्याला डिंक लावत बसले.

दुपारी भेटीच्या वेळेला अंगणाकडचं दार उघडत असत. त्या वेळेला आम्ही आरती करायची ठरवली. निरांजन लावायला ज्योत हवी, आणि वॉर्डात काडी पेटवायला बंदी. आमची सिस्टर केरळची, मायाळू पण नियमाला पक्की. "माचिस नाय," ती म्हणाली, आणि थोडा विचार करून तिने तपासणीची टॉर्च आणून दिली. आग्नेलने ती ताटात उभी केली, वर उजेड पाडून. जगात टॉर्चने ओवाळून घेतलेला आमचाच गणपती असेल. टाळ्या कोणाच्याच एकत्र पडत नव्हत्या. गोळ्यांमुळे काहींची जीभ जड होती, आग्नेलला अर्ध्याच ओळी येत होत्या आणि उरलेल्या अर्ध्यांत तो नुसताच सूर लावत होता. मी ओठ मिटून उभी होते.

आरती संपत आली तेव्हा दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा लेंगा, काळी टोपी, हातात पितळी डबा. चपला बाहेर काढून आले आणि शेवटच्या ओळी खणखणीत आवाजात आमच्याबरोबर म्हणाले. बोलण्यावरून मालवणकडचे. गिरणीतून निवृत्त झालेले, भांडुपला राहणारे. भाच्याचा पाय मोडला होता, त्याला बघायला हाडांच्या वॉर्डात निघाले होते, आवारात वाट चुकले आणि आरतीचा आवाज ऐकून इकडे वळले. आम्ही सगळी तरुण, घरच्या कपड्यांत, इस्पितळाच्या आवारात. त्यांना वाटलं, हे शिकाऊ डॉक्टरांचं हॉस्टेल.

"गाऱ्हाणा झाला?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोकणात गणपतीसमोर घरातला वडीलधारा माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, प्रत्येकाची अडचण त्याच्या कानावर घालतो आणि बाकीचे हात जोडून हो म्हणतात, ते गाऱ्हाणं. आमच्यात ते घालणारं कोणी नव्हतं. म्हाताऱ्यांना हे पटेना. आरती झाली आणि गाऱ्हाणं नाही, मग देवाला बोलावलं कशाला हे त्याला कळायचं कसं, असं म्हणत त्यांनी डबा खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी शिकणारी पोरां. दिवसरात जागान आजाऱ्यांची सेवा करतत. ह्यांका परीक्षेत यश दी. ह्यांच्या हातान आजाऱ्यांका बरा वाटांदे रे म्हाराजा."

आणि आमच्याकडे बघून त्यांनी मान हलवली. शोभा मूळची कोकणातलीच, तिला ठाऊक होतं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिच्यामागून बाकीचे. पण तोपर्यंत कोणालातरी हसू फुटलं होतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि सगळी खोली हसायला लागली. दादा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले. अगदी पोट धरून हसले, आणि हसताना मला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"काका, थांबा," आग्नेल म्हणाला. "आम्ही डॉक्टर नाय. आम्ही इथले पेशंट आहोत, डोक्याचे. आणि परीक्षेचं म्हणाल तर मी नॉनमॅट्रिक आहे."

आता ते बिचारे ओशाळतील, घाबरतील, डबा उचलून निघतील असं मला वाटलं. वॉर्ड कुठला हे कळल्यावर लोक तसंच करायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी दिसली.

"मगे आधी सांगूक नको?" ते म्हणाले. "चुकीचा गाऱ्हाणा घातलंय मी. देव आता तुमच्या परीक्षेचा बघीत बसतलो."

त्यांना ते खरोखर गंभीर वाटत होतं. त्यांच्या गावात, ते सांगू लागले, गाऱ्हाणं घालणाऱ्यावर सगळ्यांची जबाबदारी असते. त्याला खरी अडचण सांगितली नाही तर देव चुकीच्या कामाला लागतो आणि खरं काम तसंच राहतं. ते चालायचं नाही. गाऱ्हाणं पुन्हा घालायला हवं, आणि या वेळी ज्याचं जे असेल ते त्याने त्यांच्या कानात खरं सांगायचं. लाजायचं नाही. बोलायचंही फारसं नाही, नुसतं सांगायचं, पुढचं बोलायला ते आहेत.

आग्नेलने विचारलं, तो ख्रिस्ती आहे, तरी चालेल का. "म्हाराज काय रेशनकार्ड बघता?" ते म्हणाले. आग्नेल खाली बसला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बराच वेळ बोलला. मग त्यांनी मोठ्याने सांगितलं की ह्या झिलाची, म्हणजे मुलाची, आई गेली आहे आणि त्याला तिच्याकडे जावंसं वाटतं, तर तिच्या वाटणीची माया देवाने दुसऱ्या कोणाच्या तरी हातून त्याला पोचवावी. आम्ही म्हणालो, व्हय म्हाराजा. आता कोणी हसत नव्हतं. मग शोभा, त्यांच्या बोलीत चेडू, म्हणजे मुलगी.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा बाळ गेला. लोक तेका सांगतत, दुसरा होतला. पण तेका ताच व्हया होता. तेच्या आवशीपणाचो मान ठेव रे म्हाराजा."

शोभाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आवस म्हणजे आई. बाळ गेल्यापासून तिला कोणी आई म्हटलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

आणि मग ते माझ्याकडे वळले. "तुझा काय, चेडवा?"

माझ्या जिभेवर "बरं आहे" तयार होतं. पण मला वाटलं, मी आता बरं आहे म्हटलं तर हा साधा माणूस ते जसंच्या तसं देवाला सांगेल, सगळे त्याला हो म्हणतील, आणि मी सोमवारी घरी जाईन. बाईंना फसवणं जमलं होतं. यांच्या तोंडून देवाला फसवणं मला जमेना. ज्या देवाशी मी बोलत नव्हते त्याची मला एवढी भीड का वाटावी, हे आजही सांगता येत नाही. मी कानात सांगायला वाकले आणि आवाज मोठाच आला.

"माझा दादा गेला. मला सोमवारी घरी सोडणार आहेत. मी सगळ्यांना सांगते बरी आहे, पण मी बरी नाहीये. घरी गेले तर मी काय करेन याची मला भीती वाटते."

म्हाताऱ्यांनी टोपी सारखी केली. मग त्यांनी हात जोडले, पण या वेळी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचो भाव गेलो. तेका घराक जावचा भय वाटता. आज ता खरा बोलला हा. आता तेका एकट्याक सोडू नको, आनी आमकाव सोडूक दिव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आणि सगळ्यांच्या मागून, थोडा उशिरा, एक आवाज शुद्ध पुणेरीत म्हणाला, "होय महाराजा." मी वळून पाहिलं. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या, आणि त्यांचेही हात जोडलेले होते.

मग मी रडले. फाल्गुनापासून साठलेलं सगळं त्या दुपारी बाहेर पडलं. बाई माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या, आणि सोमवारचं घरी जाणं राहिलं एवढंच म्हणाल्या. कधी सोडणार ते नंतर दोघी मिळून ठरवू म्हणाल्या. आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. खोलीत इकडे रडणं चाललं होतं आणि तिकडे म्हाताऱ्यांनी प्रसाद म्हणून डबा उघडला होता. भाच्यासाठी आणलेल्या नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या. रडून भूक लागते हेही मला त्या दिवशी कळलं. आम्ही डबा बघता बघता रिकामा केला. आता भाच्याला काय देणार, असं शोभाने विचारल्यावर, त्याला बघायला जातोय, जेवायला घालायला नाही, असं म्हणून ते हाडांच्या वॉर्डाकडे गेले.

थोड्या वेळात तेच पुन्हा अंगणातून आले, टोपी हातात, चेहरा गोंधळलेला. भाच्याला आदल्याच दिवशी घरी सोडलं होतं. चाळीत फोन नाही, निरोप पोचला नव्हता.

"भाचो तर घराक गेलो," ते डोकं खाजवत म्हणाले. "मगे मी हय कोणाक भेटूक इलंय?"

त्यांनी अगदी सहज विचारलं होतं, त्यात काही सुचवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आग्नेलने त्यांचा डबा पुसून त्यांच्या हातात दिला. ते रिकामा डबा घेऊन गेले. पुन्हा भेट झाली नाही, आणि नाव विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

बाई म्हणतील, योगायोग. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्या माझ्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या गोळ्या मी पुढे बराच काळ नेमाने घेतल्या. बाप्पाने माझ्या गोळ्या बंद केल्या नाहीत, त्याने फक्त माझं तोंड उघडलं. त्यानंतर सकाळच्या गोलात मी बोलू लागले. मी अडखळले की आग्नेल हळूच "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि मी पुढे बोलायचे. गणपतीचं विसर्जन आम्ही अंगणात बादलीत केलं. सोंड सगळ्यात आधी सुटली, अर्थातच. बाबांनी आत्याला खरं काय ते सांगितलं. आत्या दुसऱ्याच दिवशी कढणाचा डबा घेऊन स्वतः आली आणि म्हणाली की यालाही चालतं हे. दिवाळीच्या सुमाराला मी घरी गेले. दादाची खाट तिथेच होती. आई त्या रात्री माझ्याजवळ झोपली, आणि मी तिला दादाबद्दल बोलू दिलं, आणि तिने मला. शोभा आणि आग्नेल दोघेही सावरले. आग्नेल नाताळात केक घेऊन येतो, आता बायकामुलांसकट.

आज माझं घर मुलुंडला आहे. गणपतीत आरतीच्या ताटात निरांजनाशेजारी एक टॉर्च असते. नवीन पाहुणे बघून हसतात, हसू देत. आरतीनंतर मी माझ्या पार्ल्याच्या मराठीत गाऱ्हाणं घालते, आणि घालण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारते, तुझं काय? शरण जाणं म्हणजे गप्प बसून सोसणं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आपलं खरं दुखणं आपल्या माणसांसमोर आणि देवासमोर उघड करणं, आणि मग हातभार घेणं, हीच माझी शरणागती.

मध्यंतरी एका वर्षी माझी मुलगी फार शांत झाली होती. विचारलं की बरं आहे म्हणायची. तो शब्द ऐकला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचे, कारण तो मला चांगलाच ओळखीचा होता. गणपतीत मी तिला विचारलं, तुझं काय? ती टॉर्चकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, चुकीचं घालू नकोस हं. मला बरं वाटत नाहीये." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. पण त्याआधी, आरतीपाशीच, मी तिचा हात धरला आणि जे आहे ते जसंच्या तसं देवाला सांगितलं. मागून घरातले सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."